भोक दोनदा पाडायचं: फायबरच्या होडीवर नवं सामान बसवताना

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस होड्या वर ओढायची लगबग चालू होती, तेव्हाची गोष्ट. एका फायबरच्या होडीला पुढच्या टोकाशी, नाळेजवळ, नांगराचा दोर अडकवायची धातूची खुंटी, म्हणजे क्लीट, होती त्या जागी, मूठ आत जाईल एवढं भगदाड पडलं होतं. क्लीट हरवली नव्हती. ती दोराच्या टोकाला होती तशीच अडकलेली, चारही बोल्ट सरळ, नट घट्ट, आणि क्लीट नि वॉशर यांच्या मध्ये फायबरच्या चार चकत्या, बिस्किटाच्या तुकड्यांसारख्या. मालक वैतागून म्हणाला, "बोल्ट तुटलो नाय रे, फायबर फाटला."

मी फायबरचं काम करतो. माझ्याकडे येणारी बरीचशी दुरुस्ती होडी खडकावर आपटल्याची नसते, होडीवर नंतर काहीतरी बसवल्याची असते. क्लीट, जीपीएसचं स्टँड, फिश फाइंडरचा सेन्सर, स्कूबावाल्यांची शिडी, पर्यटकांसाठी छत. होडी साच्यातून निघते तेव्हा एकसंध असते. तिला पहिलं भोक पाडतो ते आपण, आणि तेही हाताला लाकडाची सवय असल्यामुळे लाकडाला पाडावं तसं.

लाकडी होडीत सुतार खिळा ठोकायचा तेव्हा लाकूडच त्या खिळ्याला आवळून धरायचं. फळी चांगली इंचभर जाड, खाली बरगडी. फायबरचं कवच लहान होडीला पाच-सहा मिलिमीटर असतं. काचेच्या मॅटवर (सुट्या धाग्यांची चटई) आणि रोव्हिंगवर (जाड धाग्यांचं विणलेलं कापड) पॉलिएस्टर रेझिन चोपडत, थरावर थर देत ते बनतं. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचा एक थर सुकला की साधारण एक मिलिमीटर भरतो. ताकद सगळी काचेच्या धाग्यांत असते, रेझिन त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. आणि हे धागे कवचाच्या पातळीत आडवे पसरलेले असतात. त्यामुळे कवच ताणलं तर ते सहजी हार मानत नाही, पण त्याच्या जाडीतून एखादी वस्तू सरळ उपसायची म्हटली तर वाटेत धागा आडवा येतच नाही. स्क्रूच्या आट्यांना पकडायला मिळतं ते ठिसूळ रेझिन. गोधडी चौघांनी चार कोपरे धरून ताणली तर तिच्यात पोर झोपवता येतं. तीच गोधडी एका टाक्याला धरून उचलली तर टाका उसवतो. फायबरचं तसंच आहे.

म्हणून पहिला नियम: ज्या वस्तूला ओढ बसणार, ती फायबरमध्ये स्क्रूने बसवायची नाही. आरपार बोल्ट, आतून नट. वायरची क्लिप किंवा कंपासाचा डबा यांना स्क्रू चालेल. दोर बांधायची वस्तू, माणूस धरतो ती वस्तू, इंजिन पेलते ती वस्तू, यांना नाही.

पण आमच्या त्या क्लीटला तर आरपार बोल्ट होते. मग?

थोडा हिशोब करू. माणसं आणि जाळी धरून होडीचं वजन एक टन समजा. लाटेबरोबर मागे जाताना तिचा वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढाच. दोर ताठ झाला आणि होडी १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर क्लीटला सरासरी ५०० किलोचा हिसका बसतो. तीच होडी ताणल्या जाणाऱ्या लांब नायलॉनच्या दोराने मीटरभर अंतरात थांबवली तर ५० किलो. दहापट फरक, आणि तो फक्त दोराचा. त्या होडीचा दोर आखूड होता आणि तोही फारसा न ताणला जाणारा. दोर बदलणं हे होडी मजबूत करण्याचं सगळ्यात स्वस्त काम आहे, पण ते सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं, कारण त्यात मला काही मिळत नाही.

पुढे बघा. दोर क्लीटवर आवळलेला असतो तो डेकपासून चार सेंटिमीटर वर. त्यामुळे क्लीट नुसती पुढे ओढली जात नाही, पुढच्या पायावर वाकून मागचा पाय उचलू बघते. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत आठ सेंटिमीटर अंतर असेल तर ५०० किलोच्या हिसक्यात मागचे दोन बोल्ट मिळून २५० किलोने वर उपसले जातात. एम-८, म्हणजे आठ मिलिमीटरच्या, बोल्टाला हे काहीच नाही. पण त्याच्याखालच्या साध्या १६ मिलिमीटरच्या वॉशरला टेकायला जागा मिळते ती जेमतेम १४५ चौरस मिलिमीटर. चार वॉशर मिळून ५८०. त्याऐवजी आतून २०० बाय १२० मिलिमीटरची एक पाटी लावली तर २४,००० चौरस मिलिमीटर, म्हणजे चाळीसपट. हिशोब ढोबळ आहे, कारण पाटी थोडी वाकते आणि कडेपर्यंत सारखा जोर पोचत नाही. तरी बोल्ट एक नंबर मोठा घेऊन जे मिळत नाही ते इथे मिळतं. मोठ्या बोल्टाला मोठं भोक लागतं, आणि फायबर आणखी कमी होतं.

मोठे वॉशर चालतील का, असं हमखास विचारतात. हलक्या कामाला चालतील. पण बाजारातले रुंद वॉशर पातळ असतात. जोर आला की ते बशीसारखे वाकतात आणि पुन्हा सगळा भार मधल्या टिकलीवर येतो.

आतली पाटी कशाची करायची, यावर माझं मत ठाम आहे: फायबरचीच. काचेवर किंवा गुळगुळीत लॅमिनेटच्या तुकड्यावर मेण लावून मॅट आणि रोव्हिंगचे थर चढवा, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा पत्रा तयार करा, आणि लागेल तसे तुकडे कापा. मात्र सगळे थर एका दमात देऊ नका, जाड थर तापतो आणि वाकडा होतो. हा पत्रा कुजत नाही, गंजत नाही, होडीला चिकटतो. दुसरा पर्याय मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० हा शिक्का असतो तो. पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नका. लाकूड ते लाकूडच, म्हणून सहाही बाजू आणि प्रत्येक भोकाची आतली भिंत रेझिनने बंद करायची. ॲल्युमिनियमचा तुकडा भंगारात स्वस्त मिळतो, पण त्याला स्टेनलेसचे बोल्ट लागले आणि खारं पाणी मिळालं की दोन धातूंची बॅटरी तयार होते. त्यात जातं ते ॲल्युमिनियम. वर्ष-दोन वर्षांत बोल्टाभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते.

पाटी बसवताना दोन चुका होतात. होडीची आतली बाजू साच्याला टेकलेली नसते, ती खडबडीत असते. पाटी तिच्यावर नुसती दाबली तर तीन-चार उंचवट्यांवर बसते आणि चाळीसपटीचा हिशोब तिथेच बुडतो. पाटीखाली इपॉक्सीत (हे पॉलिएस्टरपेक्षा वेगळं रेझिन) सिलिका पावडर घालून केलेली घट्ट लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पाटी दाबून बसवायची, बाजूने बाहेर येणारी लांबी बोटाने गोलाकार फिरवायची. दुसरी चूक पाटीच्या कडेची. कवच लाटेवर थोडं लवतं, पाटी लवत नाही. कड धारदार असेल तर कवच नेमकं त्या रेषेवर मोडतं, आणि बाहेरून जेलकोटवर, म्हणजे वरच्या रंगीत थरावर, तडा दिसतो, अगदी पट्टीने आखल्यासारखा. म्हणून कोपरे गोल, कडा तासून उतरत्या, आणि वरून मॅटचे दोन-तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठा.

आता शीर्षकातल्या भोकाकडे येऊ. डेक आणि मागची इंजिनाची फळी, जिला सगळे ट्रान्समच म्हणतात, या बहुतेक होड्यांत भरीव फायबरच्या नसतात. फायबरच्या दोन कातड्यांच्या मध्ये प्लाय, फोम किंवा बाल्साचं हलकं लाकूड असतं. आपल्या जागी काय आहे ते कळायला नाणं घेऊन ठोका. नारळ वाजवून बघतो तसंच. टणटणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द आवाज म्हणजे आत थर सुटलेत किंवा ओल शिरली आहे. शंका आली तर आतल्या बाजूने तीन मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलला लागून आलेला भुसा हातात घ्या. कोरडा नि फिकट असेल तर पुढे जा. काळपट, ओला, चुरगळणारा असेल तर क्लीटचा विषय बाजूला ठेवा, आधी ते लाकूड बदलावं लागेल.

अशा सँडविचमध्ये सरळ भोक पाडून बोल्ट आवळला की दोन गोष्टी होतात. नट घट्ट करताना मधला फोम चेपतो, डेकला खळगा पडतो, आणि चेपलेला फोम सैल झाला की बोल्टही सैल. सैल बोल्टाच्या बाजूने पाणी शिरतं. आत भोकाची भिंत म्हणजे उघडं लाकूड, ते पाणी पिऊन घेतं. बाहेरून चकचकीत दिसणारा डेक आतून कुजत जातो आणि पायाखाली स्पंजासारखा लागायला लागल्यावरच मालकाला कळतं.

उपाय हा की बोल्टाच्या वाटेतून लाकूड हद्दपार करायचं. मध्ये प्लाय असेल तर वरची कातडी आणि प्लाय मिळून २० मिलिमीटरचं भोक पाडा, खालची कातडी शाबूत ठेवा. एवढं भोक क्लीटच्या बुडाखाली झाकलं जातं. मध्ये फोम किंवा बाल्सा असेल तर आणखी सोपी युक्ती आहे. आठ मिलिमीटरचंच भोक आरपार पाडा. एक खिळा काटकोनात वाकवा, ड्रिलमध्ये धरा, भोकात घालून फिरवा. वाकवलेलं टोक दोन कातड्यांच्या मधलं सगळं खरवडून काढतं आणि कातड्यांना फक्त आठचंच भोक राहतं. भुसा फुंकून, ओढून काढा. खालून चिकटपट्टी लावा. आधी पातळ इपॉक्सी ओतून भिंतींना पिऊ द्या, मग घट्ट केलेली इपॉक्सी सिरिंजने वरपर्यंत भरा. दुसऱ्या दिवशी त्या टणक झालेल्या गोळ्याच्या मधोमध पुन्हा आठचं भोक पाडा. आता बोल्ट आवळला तरी चेपायला काही नाही, आणि गळालं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. चार बोल्टांना यात जास्तीचा तासभर जातो आणि एक रात्र थांबावं लागतं. रात्र थांबायला कोणी तयार नसतं.

इपॉक्सी आणि पॉलिएस्टर यांत गल्लत करू नका. पॉलिएस्टर रेझिन किलोला १० ते २० ग्रॅम हार्डनर घेतं, उन्हात कमी, थंडीत जास्त, हे हाताला बसलेलं असतं. इपॉक्सीला असा अंदाज चालत नाही. डब्यावर दोनास एक लिहिलं असेल तर दोनास एकच, लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलात तर ती कायमची चिकट राहील. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून क्रम ठरवून घ्या. साधी मॅटही इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे धागे एकत्र ठेवणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीत नाही, आणि मॅट शेवटपर्यंत कडक, कोरडी राहते. इपॉक्सीला विणलेलं कापड घ्या.

आणि एक गोष्ट मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. कोबाल्ट (रेझिन लवकर सुकावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही एकाच वाटीत पडले तर पेट घेतात, स्फोटही होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घाला, आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. घासकामाला तोंडावर चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. काचेची खाज आंघोळीनंतरही रात्रभर पुरते, गरम पाण्याने तर जास्तच.

भोक पाडायच्या जागी आधी चिकटपट्टी लावली तर जेलकोटचे टवके उडत नाहीत. जेलकोटच्या थरापुरतं ड्रिल उलटं फिरवा, मग सुलटं. भोक झाल्यावर बाहेरची कड जराशी उतरवायची, शंकूच्या आकाराच्या बिटने, तीही उलटी फिरवून. ही उतरती कड दोन कामं करते. जेलकोट हा नुसता रंगीत रेझिन, त्यात काच नाही. बोल्टाने त्याची कड दाबली की तिथून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे पसरतात, ते टळतं. शिवाय त्या खाचेत सीलंट भरलं की बोल्टाच्या मानेभोवती रबराची अंगठी तयार होते. सपाट पृष्ठभागावर लावलेलं सीलंट आवळताना बाहेर पडतं आणि मागे कागदाएवढा थर उरतो. गळती रोखतं ते ही अंगठी.

सीलंट मरीन पॉलियुरेथेनचं घ्या, पण ट्यूबवर नीट वाचा. काही प्रकार कायमचे चिकटतात. पुढे ती वस्तू काढायची वेळ आली तर जेलकोटसकट निघते. बाथरूमचं सिलिकॉन नको. ते एकदा लागलं की त्या जागेवर पुढे ना रंग धरत ना रेझिन, घासलं तरी तेल राहतं. आवळताना बोल्टाचं डोकं पान्याने धरून ठेवायचं आणि आतून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर नुकतीच बनलेली अंगठी फाटते. यासाठी दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली डेकच्या पोटात वाकून शिव्या देणारा.

बोल्टांचं थोडक्यात. एसएस, म्हणजे स्टेनलेस, म्हणून दुकानदार देतो ते बहुधा ३०४ नंबरचं. समुद्रावर ३१६ मागा, महाग पडतं पण त्यात मोलिब्डेनम हा धातू असतो, मिठाला ते जास्त टिकतं. तरी स्टेनलेस अमर नाही. हवेतल्या ऑक्सिजनवर त्याचं कवच जिवंत राहतं. बंद, ओल्या भोकात ऑक्सिजन मिळत नाही आणि बोल्ट तिथेच कुरतडला जातो. वर डोकं चकचकीत, आत मान उंदराने खाल्ल्यासारखी, असे बोल्ट मी काढलेत. पाण्याच्या पातळीखाली पितळी फिटिंग बसवू नका. पितळेतलं जस्त समुद्र खाऊन टाकतो, उरतं ते लालसर, ठिसूळ तांबं. तिथे कांसं किंवा चांगल्या प्रतीचं प्लास्टिक.

आता आपल्याकडची खरी अडचण. कोकणात यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, होड्या त्याच वेळी वर असतात, आणि सगळ्यांना वाटतं की फायबरची कामं तेव्हा उरकावीत. नेमकं तेव्हा हवेत इतकं पाणी असतं की काचेच्या मॅटला ओल धरते. ओल्या मॅटवर रेझिन पांढुरकं पडतं, पाहिजे तसं कडक होत नाही, आणि नवा थर जुन्यावर नुसता बसतो, जुळत नाही. नंतर तो नखाने सोलून निघालेला मी पाहिलाय. मॅटची गुंडाळी पावसाआधीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. शाकारलेल्या होडीत आतून काम करायचंच असेल तर हॅलोजनचा दिवा लावून जागा आदल्या दिवसापासून सुकवा, दुपारी काम करा, आणि पाण्याचा शिडकावा येणार नाही असं बघा. रेझिन काम करताना मात्र दिवा बाहेर काढा आणि हवा खेळती ठेवा, कारण स्टायरिनची वाफ पेट घेते. सगळ्यात उत्तम म्हणजे होडी लवकर वर घेऊन मे महिन्यातच काम उरकणं. पण मे म्हणजे पर्यटकांचा हंगाम, त्यामुळे हा सल्ला कोणी ऐकत नाही.

जुन्या फायबरवर नवं चढवताना घासणं हेच अर्धं काम. वरचा रंग, टॉपकोट, मेण सगळं जाऊन काचेचे धागे दिसेपर्यंत ग्राइंडर फिरवायचा. ॲसिटोनने आधी पुसा, मग घासा. उलटं केलंत तर मेण घासून आत बसवलं जातं. तडा बुजवायचा असेल तर खड्डा सरळ उभा न खणता उथळ बशीसारखा खणतात. पाच मिलिमीटर खोलीला चहूबाजूंनी सहा सेंटिमीटर उतार, म्हणजे बारास एक.

तीन जागांबद्दल वेगळं सांगायला हवं. पहिली ट्रान्सम. आउटबोर्ड इंजिनाचा पंखा पुढे ढकलतो, पण तो असतो फळीच्या वरच्या कडेपासून अर्धा मीटर खाली. त्यामुळे ब्रॅकेटचा खालचा भाग फळीत घुसू बघतो आणि वरचे बोल्ट मागे उपसले जातात. रिव्हर्स टाकला की उलट. दिवसातून शंभरदा ही कुरबूर चालते. तिथे आतून रुंद पाटी तर हवीच, शिवाय फळी आणि होडीच्या कुशी यांच्या कोपऱ्यात गुडघे, म्हणजे तिरपे आधार. आणि फळीच्या खालच्या भागाला सेन्सरसाठी पाडलेली भोकं! एक सेन्सर जातो, दुसरा येतो, जुनी चार भोकं तशीच. त्यापेक्षा एकदाच एचडीपीई या टणक प्लास्टिकचा एक जाड तुकडा आरपार बोल्टांनी, नीट सील करून बसवा. पुढचे सगळे सेन्सर त्या तुकड्यावर स्क्रूने लावा.

दुसरी शिडी. पाण्यातून चढणारा माणूस सिलिंडर पाठीवर घेऊन सहज १०० किलो भरतो, आणि तो शिडी नुसती खाली नाही, बाहेरही ओढतो. शिडीचा खालचा भाग होडीच्या अंगाला रबर लावून टेकवलेला नसेल तर वरच्या दोन बोल्टांची गत आमच्या क्लीटसारखी होते.

तिसरं छत. ताशी ६० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो. तीन बाय दोन मीटरच्या छताला म्हणजे १०० किलो, आणि ते दरवेळी खालीच दाबेल असं नाही, खालून वारा शिरला तर उचलेल. शिवाय होडीचं वजन वर गेल्याने ती जास्त डोलते. प्रवासी होडी असेल तर पाइप कापण्याआधी होडी तपासणाऱ्या सर्व्हेअरला विचारा.

काम झालं की महिन्याभराने एकदा पाना घेऊन फिरा. नट हलला नाही तर हात लावू नका. पण दरवर्षी एखादा नट अर्धा फेरा घेतच असेल तर तो सैल झाला असं समजून नुसता आवळू नका, मधलं लाकूड खचतंय. क्लीट काढा, भोकात काडी फिरवा आणि नाकाशी धरा. ओल्या बारदानाचा वास आला तर ग्राइंडर काढायची वेळ झाली.